पहिली वेळ ती विसरली, दुसऱ्या वेळी जिन्यातून परत गेली

माझ्या नोंदवहीत तिच्या पानावर सुरुवातीला दोनच ओळी आहेत. ‘सोमवार, अकरा. आली नाही. दिवस विसरली, असा वहिनीचा निरोप.’ आणि त्याखाली, ‘गुरुवार, अकरा. जिन्यापर्यंत आली, वर न येता परत गेली.’ लिहिताना मला त्या दोन सुट्या नोंदी वाटल्या होत्या. एक विसरण्याची, एक घाबरण्याची. या दोन्हींचा एकमेकींशी घनिष्ठ संबंध आहे, हे कळायला मला सहा भेटी आणि जवळजवळ दोन महिने लागले. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या दोन महिन्यांसाठी.

मी सोलापुरात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हे तिच्या संमतीने लिहिते आहे. मसुदा तिने वाचला आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा आम्ही दोघींनी मिळून बदलल्या आहेत.

ती २६ वर्षांची, बी.कॉम. झालेली. घर जुळे सोलापुरात. घरात आई, वडील, भाऊ, वहिनी आणि चार वर्षांचा भाचा. वडील रेल्वेतून निवृत्त. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायची. ‘बघायची’ म्हणते, कारण माझ्याकडे येण्याआधी अकरा दिवस ती कामावर गेलीच नव्हती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी डबा घेऊन निघायची, सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसायची, डबा तिथेच खायची आणि संध्याकाळी साडेसहाला घरी. बाराव्या दिवशी ऑफिसातून भावाला फोन आला, तेव्हा सगळं उघड झालं.

कारण फोनचंच होतं. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत कारखान्याचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचा जीएसटी तक्ता, भरावा लागतो. त्यात विक्रीचं बिल चढलं, तरच घेणाऱ्याला आपल्या खात्यात कराचं क्रेडिट दिसतं. तिच्याकडून एका व्यापाऱ्याचं एक बिल चढवायचं राहिलं. व्यापाऱ्याने फोनवर आरडाओरडा केला. मालकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि नऊ माणसांदेखत तिला उत्तर द्यायला सांगितलं. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. वर दुसऱ्या दिवसापासून उधारी वसुलीचे फोन तिनेच करायचे असं ठरलं. बोलायची सवय होईल म्हणून. तिने दोन फोन केले. तिसऱ्या वेळी नंबर लावून कट केला, बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास बसली, आणि दुसऱ्या दिवशी तलावावर.

मदत मागितली ती वहिनीने. केंद्र सरकारची टेलि-मानस नावाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. वहिनीने तो नंबर तिला आणून दिला होता. चार दिवस तो कागद उशाखाली राहिला. जिला फोन करणंच जमत नाही, तिने मदतीसाठी फोन करायचा होता. शेवटी वहिनीने स्वतः लावला, तिला शेजारी बसवून. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा किंवा जवळचं कुणी शोधा. सिव्हिलला वडिलांचा नकार होता. त्याबद्दल पुढे येईलच.

तिसऱ्या वेळी ती आली. वहिनी बाहेर बसली.

पहिल्या भेटीतलं चित्र अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि घात तिथेच झाला. अनोळखी माणसाशी बोलताना तोंड कोरडं पडणं, कान गरम होणं, चारचौघांत जेवताना हात थरथरणं, बोलून झाल्यावर रात्री दोनपर्यंत त्याच वाक्यांची उजळणी. आठवीपासून. सामाजिक भीती मोजणाऱ्या लिबोविट्झ मापनीवर तिचे गुण आले १४४ पैकी ८६. या मापनीत २४ प्रसंग असतात. प्रत्येक प्रसंगाची भीती किती वाटते आणि तो किती टाळला जातो, याला शून्य ते तीन असे वेगवेगळे गुण द्यायचे असतात. ६० च्या पुढे गेलं की सामाजिक भीतीचा विकार धरून पुढचा तपास करतात. मी निदान लिहिलं आणि कामाला लागले.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिला याच भीतीसाठी पॅरॉक्सेटिन सुरू केलं होतं. हे या आजारासाठी मान्य असलेलं औषध आहे, त्यात चूक काही नव्हती. तिलाही थोडा गुण आला होता, हाताची थरथर कमी झाली होती. ‘पण मधूनच चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, आणि मग भीती जास्तच वाढते,’ असं ती म्हणाली. मी ते लिहून घेतलं. गोळी रोज घेतेस का, हे मात्र विचारलं नाही.

पहिल्या सहा भेटींत मी तिच्याशी जे केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेली एक उपयुक्त आकृती आहे. माणूस चारचौघांत गेला की त्याचं लक्ष समोरच्यावरून उठून स्वतःवर जातं. मी कशी दिसतेय, आवाज कापतोय का, हात कुठे ठेवू. मग तो बचावाच्या युक्त्या करतो. नजर टाळतो, वाक्यं आधी पाठ करतो, गर्दीत मागे उभा राहतो. या युक्त्यांमुळे ‘आपण एरवी फजीत झालो असतो’ ही समजूत कधी तपासलीच जात नाही. उपाय म्हणून छोटे छोटे प्रयोग करायचे: जे टाळतो ते करून पाहायचं, युक्ती सोडून. मी तिला प्रयोग दिले. नव्या पेठेत एका दुकानात जाऊन भाव विचारायचा, घ्यायचं काही नाही. रिक्षावाल्याशी एक वाक्य जास्त बोलायचं. मावशीला स्वतःहून फोन करायचा.

ती दर वेळी न करता यायची. मी नोंदवहीत लिहिलं, ‘टाळाटाळ.’ पुढच्या खेपेला, ‘टाळाटाळ कायम.’ मी तिला समजावून सांगितलं की टाळण्याने भीती कशी पोसली जाते. ती मान हलवायची. तिची ती मान हलवण्याची पद्धत आता आठवली की मला त्रास होतो. शाळेतल्या बाईंसमोर, मालकांसमोर, वडिलांसमोर ती अशीच मान हलवत आली असणार.

सहाव्या भेटीला ती प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आली. आत मी दिलेले सगळे कागद होते, घड्या पडलेले. सोबत दोन लाइट बिलं, एक लग्नपत्रिका, भाच्याच्या लसीकरणाचं कार्ड, आणि ज्याच्यासाठी ती गेले तीन आठवडे घरभर शोधत होती ते तिचं पॅन कार्ड. पिशवी काल रात्री एक वाजता सापडली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, मी भीतीमुळे केलं नाही असं तुम्ही म्हणता, ते खरं असेल. पण मला तर तो कागदच सापडला नव्हता. आणि कागदावर काय होतं तेही आठवत नव्हतं.’

मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. कुणी बघत नसताना, घरात एकटी असताना, भीतीचं काही कारणच नसताना लक्ष जातं का?

जातं. ती समोर उभी असताना दूध उतू जातं. सिनेमा बघताना अर्धा तास कुठे गेला कळत नाही. वहिनी, जिची तिला तसूभरही भीती नाही, बोलत असते आणि ती तिसऱ्या वाक्याला निसटते. बँकेचा ताळमेळ जुळवताना एकाच पानावर चार वेळा परत यावं लागतं. आणि गोळी? आठवड्यातून तीन-चार दिवस राहते.

तिथे बरंच काही जुळलं. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं. एक-दोन दिवस चुकलं तरी काहींना चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, अस्वस्थता असा त्रास होतो. म्हणजे विसरल्यामुळे गोळी चुकत होती, चुकल्यामुळे चक्कर येत होती, आणि चक्कर आली की तिला वाटायचं भीतीचा झटका आला. मग त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही. दोन वर्षं हे चक्र चालू होतं आणि प्रत्येकाने त्याचं खापर भीतीवरच फोडलं होतं. मीसुद्धा.

मनाशी एक शंका धरून मी तिला जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांमधल्या लक्षाच्या विकारासाठीची १८ प्रश्नांची यादी दिली. त्यातले पहिले ६ प्रश्न चाळणीचे असतात. त्यांतल्या चारांवर खूण आली तर पुढे बघायचं; तिच्या पाचांवर होत्या. पण यादी म्हणजे निदान नव्हे. चिंतेत बुडालेल्या माणसाचंही लक्ष उडतं, झोप न झालेल्याचंही, रक्त कमी असलेल्याचंही. प्रौढ वयात लक्षाचा विकार ठरवायचा असेल तर त्याची मुळं बालपणात सापडावी लागतात, बारा वर्षांच्या आत. आणि एकाच ठिकाणी नाही, घरी, शाळेत, कामावर, निदान दोन ठिकाणी. म्हणून मी आईला बोलावलं. येताना शाळेचं जे काही असेल ते घेऊन या, म्हटलं.

आई ट्रंकेतली प्रगतिपुस्तकं घेऊन आली. इयत्ता दुसरी: ‘हुशार आहे, वर्गात लक्ष नसते.’ तिसरी: ‘वह्या अपूर्ण.’ चौथी, दुसरं सत्र: ‘तंद्रीत असते. पालकांनी भेटावे.’ आई भेटली होती, आणि घरी येऊन पोरीला दोन धपाटे दिले होते. हे सांगताना ती बाई रडली. पिठाच्या गिरणीत डबा घेऊन जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची, दळण तिथे, डबाही तिथेच. आणि पाण्याचा दिवस. सोलापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागेल: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि ती वेळ चुकली तर घर पुढचे चार दिवस बादली मोजत काढतं. मोटार लावायची जबाबदारी तिच्यावर होती. तीनदा विसरली. तिसऱ्या वेळी वडिलांनी गल्लीत सगळ्यांदेखत विचारलं, ‘तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का?’ तेव्हा ती अकरा वर्षांची होती. घरात तिचं नावच पडलं, वेंधळी.

मग कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण ती शांत होती. बाकांवरून उड्या मारणाऱ्या मुलाला शाळा लगेच ओळखते. खिडकीजवळ बसून हरवून जाणाऱ्या मुलीला ‘गुणी’ म्हणते. अतिचंचलता नसलेला हा प्रकार मुलींमध्ये बऱ्याचदा असाच निसटतो. शिवाय दहावीपर्यंत आई रोज रात्री शेजारी बसून अभ्यास घ्यायची, त्यामुळे मार्क चांगले पडले. कॉलेजात शेजारी कुणी नव्हतं, आणि दोन विषयांत एटीकेटी लागली.

आणि भीती कुठून आली? आठवीत परिपाठाला प्रतिज्ञा सांगायची पाळी तिच्यावर आली. प्रतिज्ञा कुणाला येत नाही? तिलाही येत होती. ‘भारत माझा देश आहे’ पासून सुरू केलं, तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मैदानापलीकडच्या झाडावर माकड दिसलं, आणि वाक्य हातून सुटलं. सातशे मुलं मागून म्हणायला थांबलेली. मग हशा. त्या दिवसापासून ती प्रत्येक वाक्य पाठ करून बोलते. किराणा दुकानात काय मागायचं, ते रस्त्यात सात वेळा घोकते. सामाजिक भीती बहुतेकांत याच वयात, तेरा-चौदाच्या आसपास सुरू होते. पण तिच्या भीतीला एक कारण होतं, जे माझ्या इतर अनेक रुग्णांना नसतं: ‘मी लोकांसमोर चुकेन’ ही तिची समजूत पूर्ण खोटी नव्हती. ती खरोखर चुकत आली होती. आणि ‘तुझी भीती निराधार आहे’ हे तिला सहा भेटी मी पटवत होते.

बोलताना तिच्या आत काय होत असेल ते मग आम्ही दोघींनी कागदावर काढलं. समोरचा बोलतो. तिसऱ्या वाक्याला लक्ष निसटतं. परत येते तेव्हा समोरचा उत्तराची वाट बघत असतो. आता छातीत धडधड, आणि उरलंसुरलं लक्ष ‘मी वेंधळी दिसतेय का’ यावर. म्हणजे पुढचं वाक्यही गेलं. कांदेपोह्यांच्या दोन्ही कार्यक्रमांत हेच झालं होतं. मुलाच्या आत्याने विचारलं, ऑफिसात काय काम असतं? ही म्हणाली, ‘जुळे सोलापूरला.’ आईने सावरून घेतलं, ‘लाजते हो ती.’ पंधरा वर्षं तिच्या प्रत्येक निसटण्यावर हेच एक पांघरूण घातलं गेलं होतं, आणि त्याखाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं.

नावाबद्दल थोडं. लक्षाच्या या विकाराला ती स्वतः ‘एडीडी’ म्हणायची, कुठेतरी वाचून. हा शब्द अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निदान-पुस्तिकेतला. १९८७ मध्ये नाव बदललं, आणि आता कागदावर एडीएचडी (लक्ष आणि अतिचंचलतेचा विकार), अवधानदोष प्रधान, म्हणजे मुख्यतः लक्षाचा दोष, असं लिहितात. सामाजिक भीतीला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली तीही त्याच १९८० च्या पुस्तिकेत. दोन्ही एकाच वर्षी एकाच पुस्तकात आले. माझ्यासारखीच्या डोक्यात मात्र बरीच वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत राहिले.

औषधं लिहून देणं माझं काम नाही. मी तिला एका मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.२, म्हणून लोहाच्या गोळ्या. नाडी, रक्तदाब, घरात कुणाला हृदयविकार आहे का, हे सगळं विचारलं. लक्षासाठी सहसा आधी विचारात घेतलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि मोजकीच दुकानं ते ठेवतात. दर महिन्याला काउंटरवर उभं राहून प्रश्नांना उत्तरं देणं हे तिच्यासाठी त्या घडीला डोंगराएवढं होतं. त्याने धडधड वाढली तर तीही ती भीतीच्याच खात्यात टाकणार, हा दुसरा विचार. डॉक्टरांनी अॅटोमॉक्सेटिन निवडलं. लक्षाचा विकार आणि सामाजिक भीती दोन्ही असलेल्या प्रौढांवर या औषधाची चाचणी झालेली आहे, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि तीत दोन्ही बाजूंनी सुधारणा दिसली होती.

पण लगेच सुरू करता येत नव्हतं. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) अॅटोमॉक्सेटिन मोडतं, त्यालाच पॅरॉक्सेटिन अडवून धरतं. दोन्ही एकत्र घेतली तर अॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकतं. ज्या कुणाच्या घरात अशी दोन औषधं दोन डॉक्टरांनी लिहून दिलेली असतील, त्यांनी जुन्या चिठ्ठ्या नव्या डॉक्टरांसमोर ठेवाच. तिचं पॅरॉक्सेटिन पाच आठवड्यांत हळूहळू उतरवत त्या जागी एस्सिटॅलोप्रॅम हे भीतीवरचं दुसरं औषध आणलं, आणि दसऱ्यानंतर अॅटोमॉक्सेटिन अगदी कमी मात्रेने सुरू केलं.

याच सुमारास घरात वादळ झालं. वडिलांचं म्हणणं होतं, घ्यायचीच असतील औषधं तर पुण्याला जाऊ. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, रात्री परत. इथे कुणी पाहिलं तर पोरीचं लग्न कसं व्हायचं? सिव्हिलला नकार होता तोही याच कारणाने. मी त्यांना दोष देणार नाही. शहर मोठं असलं तरी नातेवाईक प्रत्येक पेठेत आहेत, आणि बाप म्हणून त्यांना वाटणारी काळजी खरी होती. पण जी मुलगी चार किलोमीटरवरच्या माझ्याकडे यायचं विसरते, तिला दर महिन्याला पुणे गाठायला लावणं म्हणजे उपचार सुटण्याचीच सोय. वहिनीने सासऱ्यांना एवढंच सांगितलं, ‘मामंजी, बीपीच्या गोळ्यांसाठी तुम्ही जाता का पुण्याला?’ त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीला तिला सोडायला स्वतः आले, आणि खाली स्कूटरवर बसून राहिले.

पहिले सहा आठवडे औषधाने काही केलं नाही, मळमळ सोडून. उपाशीपोटी घेतलं की जास्त. म्हणून भाकरी खाल्ल्यावर घ्यायची असं ठरलं. भूक कमी झाली, नाडी ७८ वरून ९० वर गेली, डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. गोळ्यांची सात कप्प्यांची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवली. वहिनीचं काम एवढंच: सकाळी कपाशेजारी डबी ठेवायची, विचारायचं नाही, रागवायचं नाही. नोव्हेंबरअखेर एके दिवशी ती येऊन म्हणाली, ‘काल वहिनी बोलायली होती, आणि मी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला कळलं की ती दोन वर्षांपासून माहेरच्या जमिनीबद्दल किती काळजीत आहे.’ औषधाचा परिणाम मोजायला मापन्या आहेत. मला तरी हे वाक्य पुरलं.

माझ्या बाजूने मी सगळी पद्धत बदलली. एका वेळी एकच प्रयोग, एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, तो मोबाइलच्या कव्हरच्या आत. शक्य तितके प्रयोग घरी न देता भेटीच्या वेळेतच, माझ्या शेजारी बसून. पहिला फोन तिने माझ्या खोलीतून केला, एका दुकानाला, ‘आज किती वाजेपर्यंत उघडं आहे?’ चौदा सेकंद. फोन ठेवल्यावर तिच्या तळहातांवर घाम होता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका प्रश्नावर घालवला, आणि मला वाटतं या दोन आजारांच्या जोडीत तो प्रश्न टाळताच येत नाही. सामाजिक भीतीच्या उपचारात मी सांगते, पाठ केलेली वाक्यं सोडा, चिठ्ठी सोडा. लक्षाच्या उपचारात सांगते, चिठ्ठी ठेवा, लिहून घ्या, गजर लावा. मग तिने चिठ्ठी ठेवायची की सोडायची? बरीच चर्चा करून आम्ही एक कसोटी काढली. कागद आठवणीसाठी आहे की चेहरा लपवण्यासाठी? वसुलीच्या फोनसाठी ती ‘नमस्कार, मी अमुक ठिकाणाहून बोलते’ पासून अख्खा संवाद लिहून काढायची. तो कागद फाडला. बिल नंबर, रक्कम, तारीख एवढ्या तीन गोष्टींचं कार्ड ठेवलं. चाळीस मिनिटं आधी पोचून कोपऱ्यातली खुर्ची पकडणं, हे सोडलं. निघायच्या वेळेचा गजर ठेवला.

आणि एक वाक्य असं सापडलं जे दोन्हीकडे चाललं. ‘माफ करा, माझं लक्ष गेलं, परत सांगता का?’ लक्षाच्या दृष्टीने ती साधी सोय आहे. भीतीच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड प्रयोग, कारण आयुष्यभर जे लपवलं तेच उघड बोलायचं. लोक चिडतील किंवा हसतील याची तिला ९० टक्के खात्री होती. लक्ष्मी मंडईत एका भाजीवालीला तिने पहिल्यांदा हे म्हटलं. भाजीवाली म्हणाली, ‘चाळीसला पाव, अक्का,’ आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. दोन आठवड्यांत तिने हे अकरा वेळा करून पाहिलं. एकजण चिडला. तो चिडल्याचंही आम्ही मांडलं: किती वेळ वाईट वाटलं? संध्याकाळपर्यंत. पूर्वी किती दिवस वाटलं असतं? तिने उत्तर दिलं नाही, नुसती बोटं मोजली.

जानेवारीत सगळं कोसळलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला ती वहिनी आणि भाच्याबरोबर गेली, स्वतः हौसेने. पाळण्यांचे कर्णे, धूळ, रेटारेटी. तिकिटाच्या खिडकीवर पर्स राहिली, आणि पर्स शोधताना मिनिटभर भाच्याचा हात सुटला. पोरगं तिथेच दहा पावलांवर बत्तासे बघत उभं होतं. पण त्या एका मिनिटात तिची चार महिन्यांची कमाई गेल्यासारखी झाली. नऊ दिवस खोलीबाहेर आली नाही. पाच दिवस गोळ्या नाहीत. भावाने पहिल्यांदाच आवाज चढवला. मला निरोप आला तेव्हा मी घरी गेले. एरवी मी जात नाही. दारापलीकडून ती म्हणाली, ‘मॅडम, मी खरंच भुसा आहे.’

त्या दिवशी प्रयोग वगैरे काही नव्हतं. मी दाराबाहेर बसून राहिले, तिची आई माझ्या शेजारी. तासाभराने आईच म्हणाली, दाराकडे न बघता: ‘चौथीत मारलं होतं मी तुला. बाईंनी लक्ष नाही म्हणून सांगितलं होतं, मी समजले लक्ष देत नाही.’ दार लगेच उघडलं नाही. रात्री उघडलं. गोळ्या पुन्हा डॉक्टरांना विचारून सुरू केल्या. गर्दीच्या गोंगाटात तिचं लक्ष जास्त फुटतं आणि ते केवळ भीतीने नाही, हे मी आधी ओळखायला हवं होतं. त्यानंतर गर्दीत जाताना भाच्याची जबाबदारी तिच्यावर नाही, असं घरात ठरलं.

फेब्रुवारीत तिला एका सीएंच्या ऑफिसात काम मिळालं. तिथे तिने फक्त एका वरिष्ठ सहकारी बाईंना सांगितलं, तेही अर्धंच: ‘तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यातून जातं, मेसेज कराल का?’ बाईंनी हो म्हटलं. फोन ती अकरा ते साडेअकरा या वेळेतच करते, लागोपाठ. मार्चअखेरच्या धावपळीत दोन चुका झाल्या. दोन्ही तिने स्वतःच पकडल्या आणि स्वतः जाऊन सांगितल्या.

बरं झालं असं मी म्हणणार नाही. मेमध्ये मापनीवर ५४ आले. शनिवारी ऑफिसातले सगळे एकत्र जेवतात, तेव्हा ती अजून वेगळी बसते. लग्नांना जात नाही. दूध अजूनही उतू जातं. औषधाने तोंड कोरडं पडतं, आणि सोलापूरच्या त्रेचाळीस अंशांत ते सोसणं सोपं नाही; बाटली सोबत ठेवते आणि बाटली विसरते. स्थळं बघणं वडिलांनी वर्षभर थांबवलं आहे. पाण्याच्या दिवशी मोटार आता भाऊ लावतो, ती त्याला उठवते, कधी तो तिला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी माझ्याकडे दुसरे रुग्ण बसलेले असताना दारावर टकटक झाली. ती होती. खोलीत अनोळखी माणूस बघून तिचे कान लाल झाले, पण ती तिथेच उभी राहिली.

‘मॅडम, माझी वेळ आज आहे ना?’

‘उद्या आहे गं.’

‘बरं, मग उद्या येते,’ म्हणाली, आत बसलेल्या गृहस्थांना ‘माफ करा हं’ म्हटलं, दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराची वेळ होती. सव्वाअकराला आली.